चिथावणीखोर कोणाला म्हणावे?

मराठी वर्तमानपत्रांत 'चिथावणीखोर' हा शब्द इतक्या वेळा छापला जातो की तो वाचताना आपण थांबतही नाही. सभेतल्या लोकांना दुसऱ्या समाजाविरुद्ध उठवणारा वक्ता चिथावणीखोर ठरतो, मैदानावर प्रतिस्पर्ध्याला हिणवून त्याचा तोल घालवणारा खेळाडू चिथावणीखोर ठरतो, आणि एखाद्या जुन्या समजुतीवर कडवट लेख लिहिणाऱ्या लेखकालाही तेच विशेषण लावले जाते. या तिघांत साम्य एवढेच की त्यांच्यामुळे कोणाचे तरी डोके तापते. माझ्या मते यांपैकी पहिलाच तेवढा चिथावणीखोर आहे. उरलेल्या दोघांसाठी मराठीत वेगळे आणि अधिक नेमके शब्द आहेत, आणि ते बाजूला सारून सगळ्यांना एकाच दावणीला बांधले की दोष कोणाच्या माथी किती मारायचा याचा हिशेबच चुकतो.

सुरुवात क्रियापदापासून करावी लागेल. 'त्याने कामगारांना मालकाविरुद्ध चिथावले' हे वाक्य कोणत्याही मराठी कानाला सरळ वाटते. त्यात तीन पक्ष आहेत: चिथावणारा, चिथावला जाणारा आणि ज्याच्यावर हा राग जाऊन आदळणार आहे तो. आता त्याच साच्यात 'डिवचणे' घालून पाहावे. 'त्याने कामगारांना मालकाविरुद्ध डिवचले' असे म्हटले की वाक्य लंगडते, कारण डिवचण्याला तिसऱ्याची गरज नसते. जो डिवचतो त्याच्याच अंगावर डिवचलेला माणूस धावून जातो. खिजवणे, हिणवणे, छेड काढणे, खोडी काढणे ही सगळी क्रियापदे याच दोन पक्षांच्या घरातली आहेत. चिथावणे, फूस लावणे, कान भरणे, भरीस घालणे आणि कुत्र्याला 'छू' करणे ही तीन पक्षांच्या घरातली. 'भडकवणे' तेवढे दोन्ही घरांत ये-जा करते आणि बहुधा त्यामुळेच घोटाळा वाढवते.

व्याकरणाची आणखी एक गंमत इथे नोंदवण्यासारखी आहे. भडकणे आणि भडकवणे, पेटणे आणि पेटवणे, चिडणे आणि चिडवणे, बिथरणे आणि बिथरवणे अशा जोड्या मराठीत सहज सापडतात. माणूस आपण होऊन भडकू शकतो किंवा त्याला कोणी भडकवू शकते. 'चिथावणे' या क्रियापदाला मात्र आजच्या लेखी मराठीत असा अकर्मक जोडीदार दिसत नाही. कोणी 'चिथत' नाही. जमाव आपोआप बिथरला असे लिहिता येते, पण चिथावला म्हटले की कोणी चिथावला हा प्रश्न वाक्यातच उभा राहतो. हा शब्द वापरणारा माणूस, त्याला जाणवो वा न जाणवो, पडद्यामागे कोणी तरी आहे असा आरोप करत असतो. म्हणूनच दंगलीनंतरच्या अधिकृत निवेदनांना तो इतका सोयीचा वाटतो: 'समाजकंटकांच्या चिथावणीला बळी पडू नका' या आवाहनात ज्यांनी दगड उचलले ते बळी ठरतात आणि ज्याने उचलायला लावले तो अनाम राहतो.

डिवचण्याचे जगभर गाजलेले उदाहरण फुटबॉलमधले आहे. ९ जुलै २००६ रोजी बर्लिनमध्ये झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, जादा वेळ चालू असताना, इटलीच्या मार्को मातेराझ्झीच्या बोलण्याने संतापलेल्या फ्रान्सच्या झिनेदिन झिदानने वळून त्याच्या छातीवर डोक्याने धडक मारली. झिदानला लाल कार्ड मिळाले, फ्रान्स उरलेला सामना दहा खेळाडूंनिशी खेळला आणि शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये हरला. पुढे फिफाने दोघांनाही शिक्षा केली: झिदानला तीन सामन्यांची बंदी आणि मातेराझ्झीला दोन सामन्यांची. या निकालात मला एक रोखठोक समज दिसते. स्वतःचा तोल गमावणाऱ्याचा दोष मोठा, पण तोल घालवायला लावणाऱ्याचा त्याहून फार लहान नाही. तरीही मातेराझ्झीला चिथावणीखोर म्हणणे मला पटत नाही. त्याने झिदानला कोणाच्या अंगावर घातले नव्हते. जी काही धडक बसायची होती ती त्यालाच बसली. तो डिवचणारा होता, आणि डिवचणाऱ्याला निदान स्वतःच्या छातीवर फटका घेण्याची तयारी ठेवावी लागते.

'कुरापत' हा याच दोन पक्षांच्या घरातला, पण थोडा अधिक धूर्त शब्द. कुरापत काढणाऱ्याला भांडण हवेच असते आणि ते दुसऱ्याने सुरू केले असे दाखवायचेही असते, म्हणून तो एखादे क्षुल्लक निमित्त उकरून काढतो. सीमेवरच्या बातम्यांत हा शब्द नेहमी दिसतो आणि तिथे तो चपखल बसतो. त्याचे मूळ अरबी 'खुराफात' या शब्दात आहे. त्याचा अर्थ अचाट, अविश्वसनीय गोष्टी. अरबी परंपरा अशी सांगते की खुराफा नावाच्या माणसाला जिनांनी पळवून नेले, परत आल्यावर त्याने तिथले जे अनुभव सांगितले त्यांवर कोणाचाच विश्वास बसला नाही, आणि त्याच्या नावावरून थापांना नाव पडले. मराठीत येईपर्यंत या थापांचे भांडणाच्या निमित्तात रूपांतर झाले. कुरापतीमागचे निमित्त बहुधा थापच असते, हे लक्षात घेता हा प्रवास फारसा लांबचा वाटत नाही.

आता 'खोर'. हा फारसी प्रत्यय, त्याचा मूळ अर्थ खाणारा. लाचखोर आणि नफाखोर या शब्दांत खाण्याचा अर्थ अजून जिवंत आहे. मराठीने मात्र हा प्रत्यय देशी शब्दांनाही मोकळेपणाने जोडला आणि भांडखोर, चिडखोर, चहाडखोर असे शब्द झाले, ज्यांत खाण्याऐवजी खोडीचा, जडलेल्या सवयीचा भाव आहे. बंडखोर आणि घुसखोर यांत सवयही आवश्यक नाही. एकदा बंड केले, एकदा घुसले, तरी पुरते. चिथावणीखोर या दोन्हींच्या मध्ये कुठे तरी बसतो. एखाद्याने आयुष्यात एकदाच चिथावणी दिली तर त्याला 'चिथावणी देणारा' म्हणावे आणि ज्याचा तो धंदाच झाला आहे त्याला चिथावणीखोर म्हणावे, असा भेद मी तरी पाळतो. हा नियम कोणत्याही व्याकरणात मला सापडलेला नाही. तो माझ्या कानाचा कौल आहे. हा शब्द लिंगाप्रमाणे किंवा वचनाप्रमाणे बदलत नाही, हे मात्र नक्की: चिथावणीखोर पुरुष, चिथावणीखोर बाई, चिथावणीखोर माणसे.

घरगुती बोलीत हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. तिथे कळलाव्या असतो, आगलाव्या असतो, काड्या घालणारा असतो आणि अलीकडच्या बोलीत पिन मारणाराही असतो. त्यांतला कळलाव्या मला सर्वांत आवडतो, कारण 'कळ' हा एकटा शब्द मराठीत कितीतरी ओझी वाहतो. कळ म्हणजे वेदना, कळ म्हणजे यंत्राची खुंटी किंवा बटण, आणि कळ म्हणजे भांडण. कळलाव्या भांडण लावतो हा सरळ अर्थ झाला, पण तो नेमकी कोणती कळ दाबायची हे जाणतो आणि दाबल्यावर दुसऱ्याला कळ येते, हे उरलेले दोन अर्थही त्याच्या मागे सावलीसारखे चालत असतात. कळलावी नावाची एक वेलही आहे, पावसाळ्यात लालपिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी, जिला अग्निशिखा असेही म्हणतात. हे फूल घरात आणले की भांडणे होतात असा लोकसमज आहे. तिच्या नावाची दुसरी उपपत्ती प्रसूतीच्या कळांशी जोडली जाते, कारण बाळंतीण अडली तर तिच्या कंदाचा वापर करण्याची जुनी प्रथा होती. वेल विषारी आहे, त्यामुळे दोन्ही अर्थांनी तिच्यापासून दूर राहिलेले बरे.

'कळीचा नारद' या प्रयोगातली कळी फुलाची नव्हे, भांडणाची. नारदाला कलहप्रिय हे विशेषण पुराणकाळापासून चिकटलेले आहे. पण नारदावर थोडा अन्याय होतो असे मला वाटते. तो भांडण लावतो तेव्हा बहुधा खरीच बातमी सांगत असतो, फक्त नको त्या माणसाला आणि नको त्या वेळी, आणि पुराणांत त्या भांडणातून पुढे देवांचे काही तरी कार्य साधलेले असते. कळलाव्याला असे कार्य नसते. त्याला तमाशा पाहायचा असतो आणि नामानिराळे राहायचे असते. 'नामानिराळा' हा शब्द या सगळ्या कुळाचे खरे आडनाव शोभेल.

चिथावणी म्हटली की आरडाओरडा, मूठ उगारणे, घोषणा असे चित्र डोळ्यांपुढे येते, पण मुरलेला चिथावणीखोर आवाज चढवत नाही. वाल्मीकीच्या रामायणातली मंथरा पाहावी. रामाच्या अभिषेकाची वार्ता ऐकून कैकेयीला आधी आनंदच होतो आणि ती मंथरेला अंगावरचा अलंकार बक्षीस देते. मंथरा तो फेकून देते आणि मग काळजीच्या सुरात बोलायला लागते: कौसल्या राजमाता होईल, तुला तिची दासी व्हावे लागेल, भरताचे काय होईल. कैकेयीच्या मनात राग नव्हता, म्हणून मंथरा आधी भय निर्माण करते आणि रागाचे काम त्या भयाकडे सोपवते. कैकेयीने वर मागितले, शब्द तिचे होते, दोषही तिच्याच नावावर लागला. मंथरा मात्र पूर्णपणे सुटली नाही. पुढे शत्रुघ्न तिला फरपटत नेतो आणि भरत त्याला थांबवतो. कवीला तिचा वाटा विसरायचा नव्हता, हे यावरून दिसते.

स्तुतीनेही चिथावता येते, आणि मराठीत त्यासाठी स्वतंत्र वाक्प्रचार आहे: हरभऱ्याच्या झाडावर चढवणे. हरभऱ्याचे झाड ते केवढे, जेमतेम गुडघ्याला लागणारे, त्यावर चढलेला माणूस पडणारच. 'तुमच्याशिवाय हे कोण बोलू शकणार', 'तुम्ही गप्प बसलात तर झालेच' अशा वाक्यांनी एखाद्याला पुढे ढकलणारा माणूस अपशब्द उच्चारत नाही, कोणाचा द्वेष करताना दिसत नाही, उलट चाहताच वाटतो. भरीस घालणे म्हणजे हेच. कायद्याच्या आणि वर्तमानपत्रांच्या भाषेत चिथावणीखोराची जी प्रतिमा आहे तिच्यात हा माणूस कधीच सापडत नाही, पण माझ्या निरीक्षणात त्याची जातच संख्येने मोठी आहे.

यापुढचा प्रश्न अवघड आहे. एखाद्याला कोणाविरुद्ध उठवणे नेहमीच वाईट असते का? महाभारताच्या उद्योगपर्वात कुंती कृष्णाकरवी आपल्या मुलांना विदुलेची कथा सांगून पाठवते. सिंधुराजाकडून हरून आलेला आणि हातपाय गाळून पडलेला मुलगा संजय याला विदुला अक्षरशः शब्दांनी सोलून काढते. 'मुहूर्तं ज्वलितं श्रेयो न च धूमायितं चिरम्' हे तिचेच वचन. क्षणभर का होईना पेटून जळावे, दीर्घकाळ धुमसत राहू नये. यात तीन पक्ष आहेत, शत्रूही ठरलेला आहे, म्हणजे व्याकरणाची कसोटी पाहिली तर हे चिथावणेच झाले. तरी विदुलेला चिथावणीखोर म्हणताना जीभ अडखळते. मराठी इथे चेतवणे, स्फुरण देणे, ललकारणे असे शब्द पुढे करते. भेद कुठे आहे? तिचा हेतू चांगला आणि इतरांचा वाईट, एवढ्यावर मी समाधानी नाही, कारण हेतू चांगला असल्याचा दावा प्रत्येक जण करतो. मला भेद असा दिसतो की विदुला नामानिराळी राहत नाही. युद्ध झाले तर मरणारा तिचाच मुलगा आहे आणि ती हे उघडपणे, त्याच्या तोंडावर, स्वतःच्या नावाने बोलते. चिथावणीखोर दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. विदुला स्वतःच्या काळजाचा तुकडा पुढे करते.

सत्तेला मात्र हा भेद दिसत नाही किंवा पाहायचा नसतो. व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकाराने १९१० मध्ये लोकमान्य टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक म्हटले तेव्हा त्याला गौरव करायचा नव्हता. हिंदुस्थानातल्या अशांततेचे मूळ या माणसाच्या चिथावणीत आहे, हा त्याचा आरोप होता. टिळकांनी त्याच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये ते हरले. पण आज 'भारतीय असंतोषाचे जनक' ही पदवी मराठी माणूस अभिमानाने उच्चारतो आणि ती मुळात आरोप होती हे बहुतेकांच्या ध्यानीही नसते. टिळकांच्या बाबतीतही विदुलेचीच कसोटी लागू पडते: १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा त्यांनी स्वतः सोसली, मंडालेला स्वतः गेले. लोकांना उठवून ते घरात बसले नव्हते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला रशियातला येवनो अझेफ. क्रांतिकारकांच्या सशस्त्र गटाचा तो प्रमुख होता, १९०४ मध्ये गृहमंत्री प्लेहवे यांची हत्या त्याच्या गटाने घडवली, आणि या सगळ्या काळात तो झारच्या गुप्त पोलिसांचा पगारी माणूस होता. १९०८ मध्ये त्याचे बिंग फुटले. तरुणांना कटात ओढणारा आणि त्यांना पकडून देणारा एकच. अशा माणसासाठी मराठीत रुळलेला एक शब्द नाही. 'फितूर' त्याच्या जवळ जातो, पण फितूर दुसऱ्या बाजूला मिळतो, दोन्ही बाजूंना एकाच वेळी चिथावत नाही.

कायद्याने चिथावणीकडे दोन वेगळ्या दारांतून पाहिले आहे. पहिल्या दारातून चिथावणारा आत येतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम १५३, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १९२ म्हणून आले आहे, दंगा व्हावा म्हणून बेछूट चिथावणी देणाऱ्याला शिक्षा सांगते. दंगा झाला तर एक वर्षापर्यंत कैद, आणि झाला नाही तरी सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे समोरचा माणूस शहाणा निघाला आणि चिथावला गेला नाही, म्हणून चिथावणीखोर निर्दोष ठरत नाही. दुसऱ्या दारातून चिथावला गेलेला येतो आणि सवलत मागतो. गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे मनावरचा ताबा सुटून हातून माणूस मेला, तर तो खून न ठरता त्याहून कमी गुन्हा ठरू शकतो. पण चिथावणी त्याने स्वतः निमित्त म्हणून ओढवून घेतलेली नसावी. कुरापत काढणाऱ्याचा धूर्तपणा कायद्याने बरोबर ओळखलेला आहे.

त्या 'अचानक' या शब्दाचा कस नानावटी खटल्यात लागला. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीचे प्रेमसंबंध कळल्यावर मुंबईत प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो निर्णय न मानता जन्मठेप दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. न्यायालयाचे म्हणणे असे की कबुली ऐकल्यानंतर नानावटींनी पत्नी-मुलांना सिनेमागृहात सोडले, जहाजावर जाऊन पिस्तूल घेतले, मग ते आहुजांच्या कचेरीत आणि तिथून घरी गेले. एवढ्या वेळात संताप निवायला पुरेशी सवड होती. चिथावणीला आयुष्य असते आणि ते अल्प असते, हे तत्त्व त्या निकालात आहे. तीन पक्षांच्या चिथावणीला मात्र हे लागू होत नाही. मंथरेने पेरलेले भय रात्रभरातही निवत नाही, उलट विचार करू तसे वाढते, आणि म्हणूनच डिवचणाऱ्यापेक्षा चिथावणारा मला अधिक घातक वाटतो.

आता राहिले 'चिथावणीखोर विधान', 'चिथावणीखोर लेख', 'चिथावणीखोर चित्र'. माणसाचा शब्द वस्तूला लावायला माझी हरकत नाही. भाषा असेच करते. पण अशी बातमी वाचताना मी दोन प्रश्न विचारतो: कोणाला चिथावले, आणि कोणाविरुद्ध? दोन्हींची उत्तरे बातमीत असली तर शब्द बरोबर. पहिलेच उत्तर असले, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलले तेच संतापले असतील, तर विधान बोचरे, झोंबरे किंवा अपमानकारक म्हणावे. एकाही प्रश्नाचे उत्तर नसले, तर बातमीदाराला एवढेच म्हणायचे असते की विधानावर गदारोळ झाला, आणि तिथे 'प्रक्षोभक' हा शब्दही जडच होतो. अशा वेळी वर्तमानपत्रे 'वादग्रस्त' या शब्दाचा आसरा घेतात. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त या शब्दांच्या रांगेत तो ठेवून पाहिला तर वाद जणू आकाशातून कोसळला आणि ते विधान बिचारे त्यात सापडले, असा अर्थ होतो. बोलणाऱ्याला यापेक्षा सोयीचा शब्द कोणी शोधून दिला नसता.